अद्भुतरम्य कादंबरी : तिचा ठरलेला शेवट आणि सुटे प्रसंग

१

मराठी वाचकाच्या मनात सुरतेचे नाव उमटते ते बहुधा १६६४ आणि १६७० या दोन सालांच्या संगतीने. शिवछत्रपतींच्या त्या दोन स्वाऱ्यांपलीकडे या शहराचा आणि मराठी वाङ्मयाचा काही संबंध असेल, अशी कल्पना सहसा कोणी करीत नाही. परंतु आपल्या कादंबरीच्या जन्मकाळाचा विचार करू पाहणाऱ्याने सुरतेची आणखी दोन साले ध्यानात ठेवावीत, असे मला सुचवावयाचे आहे. एक १८४४ आणि दुसरे १८६६.

१८४४ च्या २२ जून रोजी सुरतेत मानवधर्म सभेची स्थापना झाली. तिच्या प्रवर्तकांत दोन शिक्षक अग्रभागी होते. एक दुर्गाराम मंछाराम, ज्यांना सारा गुजरात दुर्गाराम मेहताजी म्हणून ओळखतो. मेहताजी म्हणजे आपल्याकडील पंतोजी. दुसरे दादोबा पांडुरंग तर्खडकर, ज्यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्येच प्रसिद्ध झाले होते आणि जे त्या काळी सुरतेत अध्यापन करीत होते. या सभेने जी कामे अंगावर घेतली त्यांत जादूगारांना व मांत्रिकांना जाहीर आव्हान देणे हे एक होते. तुमच्या मंत्रात सामर्थ्य असेल तर ते आमच्या समक्ष सिद्ध करून दाखवा, एवढीच सभेची मागणी असे. दादोबा १८४६ मध्ये मुंबईस गेले, दुर्गाराम १८५२ मध्ये राजकोटास गेले आणि सभा विराम पावली. पण तिने घालून दिलेली वाट मोडली नाही. १८४९ मध्ये दलपतरामांचा 'भूतनिबंध' पुढे आला, आणि भुताखेतांच्या समजुतींची नीट छाननी करण्याचा तो गुजरातीतील एक आरंभीचा प्रयत्न ठरला.

आता मराठीकडे वळून पाहावे. या आव्हानाला वीस वर्षे लोटतात न लोटतात तोच लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) अवतरली. तिच्यामागून त्यांचीच 'रत्नप्रभा' (१८६६) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) आली. या कादंबऱ्यांत प्रत्यक्ष भूतपिशाच्च असो वा नसो, संभाव्यतेची मर्यादा त्यांनी राजीखुशीने सोडलेली आहे. राजपुत्र आणि राजकन्या, कपटी प्रधान, अकल्पित वियोग, त्याहून अकल्पित पुनर्भेट, आणि सरतेशेवटी सज्जनांचा उत्कर्ष व दुर्जनांचे पारिपत्य, हा त्यांचा सर्वसामान्य साचा होय. नव्या शाळांत शिकलेल्या वर्गाने, ज्यांच्या गुरुजनांनी मांत्रिकांना भर सभेत उभे राहण्यास सांगितले होते, अशा कथा हौसेने लिहाव्यात आणि त्याहून हौसेने वाचाव्यात, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. ही केवळ रुचीची अपरिपक्वता, असे म्हणून आपण हा प्रश्न बाजूस सारतो. मला मात्र वाटते की या कादंबऱ्यांचे दोन प्रसिद्ध दोष, म्हणजे शेवट आधीच कळणे आणि प्रसंग सुटे सुटे असणे, हे एकाच कारणाचे परिणाम आहेत. आणि ते कारण लेखकांच्या बुद्धीत नसून त्यांच्या समाजात शोधावे लागते.

२

या कारणाची कबुली रिसबुडांनी स्वतःच 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेत देऊन ठेविली आहे. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, विवाहासंबंधीच्या आपल्या चालीरीतींमुळे व तशाच इतर कारणांमुळे आम्हां हिंदूंच्या आयुष्यात मन वेधून घेतील असे गुणही नाहीत आणि दोषही नाहीत. जे रोज अनुभवास येते तेच लिहिले तर त्यात गोडी राहत नाही. म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहावयाचा तर अद्भुताची कास धरण्यावाचून गत्यंतर नाही.

ही प्रस्तावना केवळ लेखकाची सबब म्हणून वाचू नये. ज्या समाजात मुलीचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी होते, मुलाचे बाराव्या-चौदाव्या वर्षी होते आणि ते दोघांनाही न विचारता होते, त्या समाजात प्रेमकथेस अवसर कोठून मिळावा? नायक-नायिकेने एकमेकांस पाहावे, निवडावे, चुकावे, पस्तावावे, यांपैकी कोणत्याच गोष्टीस जागा नाही. धंदा जातीने ठरलेला, घर वडिलांनी ठरविलेले. निवड नाही म्हणून कृती नाही, आणि कृती नाही म्हणून कथा नाही. इंग्रजी कादंबऱ्या वाचून लिहावयास बसलेल्या लेखकापुढे ही खरीखुरी अडचण होती. तिच्यातून त्याने काढलेला मार्ग म्हणजे राजवाडा, अरण्य आणि अद्भुत. तेथे तरी तरुणास तरुणी भेटू शकते.

पण एका अडचणीतून सुटताना तो दुसरीत सापडला. राजवाड्यात नेऊन बसविले तरी त्याचे नायक-नायिका मनाने होते तेथेच राहिले. ते पहिल्या पानापासूनच एकमेकांसाठी नेमलेले, ते सर्वगुणसंपन्न, त्यांच्या हातून चूक होणे लेखकास व वाचकास दोघांसही अप्रशस्त वाटावयाचे. ज्यांचे मीलन विधिलिखित आहे आणि ज्यांच्या स्वभावात बदल व्हावयाचा नाही, अशा माणसांची गोष्ट पहिल्या प्रकरणातच संपलेली असते. उरते ते एकच काम, शेवट लांबविणे. आणि माणसाच्या स्वभावातून विलंब निर्माण होत नसेल तर तो बाहेरून आणावा लागतो. वादळ, चोर, शाप, वेषांतर, बंदिवास, खोटे मरण, हे सारे त्या बाहेरून आणलेल्या विलंबाचेच प्रकार होत. हे अडथळे परस्परांतून उद्भवत नाहीत. एकामागून एक रांगेत उभे राहतात. तेव्हा ठरलेला शेवट आणि सुटे प्रसंग ही दोन लक्षणे वेगळी नसून पहिल्यातून दुसरे अपरिहार्यपणे निघते.

३

येथे कोणी म्हणेल की सुट्या प्रसंगांची ही सवय जुन्याच कथांनी लावून दिली होती. ते खरे आहे. मात्र त्या जुन्या कथांचा आपण नीट विचार करीत नाही, अशी माझी तक्रार आहे.

मराठी गद्याच्या छपाईचा आरंभच मुळी अशा कथामालांनी झाला. श्रीरामपूरच्या छापखान्यातून वैजनाथ पंडितांची 'सिंहासनबत्तिशी' १८१४ मध्ये निघाली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८३० मध्ये 'वेताळपंचविशी' मराठीत आणली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ पासून 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' भागाभागाने देण्यास आरंभ केला आणि ते काम पुढे विष्णुशास्त्री व हरि कृष्ण दामले यांच्या हातून पुरे झाले. म्हणजे 'मुक्तामाला' आणि या अरबी गोष्टी यांचे साल एकच. गुजरातीत तर हीच परंपरा अठराव्या शतकात शामळ भटाने पद्यात बहरास आणली होती. सिंहासनावरच्या पुतळ्या आणि झाडावरचा वेताळ त्याच्या श्रोत्यांच्या ओळखीचे होते.

या कथामालांतील प्रसंग सुटे आहेत, यात शंका नाही. त्यांची परीक्षा घेण्यासाठी मी एक साधा प्रश्न सुचवितो. प्रसंगाची जागा बदलली, किंवा तो काढून टाकला, तर काय बिघडते?

सिंहासनबत्तिशीस हा प्रश्न विचारला तर उत्तर येते, फारसे काही नाही. सातव्या पुतळीची गोष्ट विसाव्या पुतळीने सांगितली तरी चालेल. वेताळपंचविशीचे मात्र तसे नाही. तेथेही मधल्या गोष्टी इकडच्या तिकडे करता येतात. राजाने प्रेत खांद्यावर घ्यावे, वेताळाने गोष्ट सांगून कोडे घालावे, उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहील तर त्याचे मस्तक फुटावे, बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर जावे. दोनचार फेऱ्यांत वाचकास हा क्रम तोंडपाठ होतो. परंतु सरतेशेवटी असे एक कोडे येते की राजास त्याचे उत्तरच सापडत नाही. पित्याने मुलीशी आणि पुत्राने तिच्या आईशी विवाह केला, तर त्यांच्या संततीचे परस्परांशी नाते काय? राजा गप्प राहतो, आणि त्या मौनावर सारी कथा फिरते. वेताळ प्रसन्न होतो, भिक्षूचे कपट उघड करतो, आणि बळी जावयाचा तो राजा बळी घेणारा होतो. आता विचार करा. आधीच्या फेऱ्यांतून राजाचे बोलणे आपल्या अंगवळणी पडले नसते, तर त्याच्या न बोलण्यास काय किंमत राहिली असती? येथे पुनरावृत्ती हा दोष नव्हे. ती शेवटाची पूर्वतयारी आहे. वाचकास पुढचे कळते असे त्याला पटवून द्यावयाचे आणि मग एकदाच, नेमक्या ठिकाणी, तो अंदाज मोडावयाचा, ही त्या अज्ञात कथाकारांची बुद्धी आहे. सोमदेवाने अकराव्या शतकात 'कथासरित्सागरा'त ही माला गुंफून घेतली, तीही हे मौन राखूनच.

अरबी गोष्टींत तर प्रत्येक गोष्ट दुसरीच्या जागी ठेवता येईल. पण तेथे सांगणारीचे मस्तक पणास लागलेले आहे. गोष्ट संपली तर शहराजाद संपली. सिंदबादचे काय होणार यापेक्षा उजाडल्यावर या स्त्रीचे काय होणार, ही काळजी सगळ्या सुट्या गोष्टींखालून वाहत असते. म्हणजे विलंब हाच तेथे विषय आहे.

आणि ज्या बाणभट्टाच्या ग्रंथावरून आपण या वाङ्मयप्रकारास कादंबरी म्हणू लागलो, त्यातही शाप आहेत, पुनर्जन्म आहेत, गोष्टीच्या पोटात गोष्ट आहे. पण राजसभेत गोष्ट सांगावयास आणलेला पोपट त्याच गोष्टीतील एक पात्र निघतो. चौकट आणि चित्र शेवटी एक होतात. गुजरातीने याच प्रकारास नवलकथा म्हटले; इंग्रजी नावाचा नाद त्यात आहे आणि नवल या शब्दाचा आपल्या परिचयाचा अर्थही आहे. नामकरणाच्या वेळीच दोन्ही भाषांनी अद्भुताचा मान ठेविला, हे विसरता येत नाही.

या दृष्टीने पाहिले असता 'मुक्तामाला-मंजुघोषा' परंपरेचे नेमके काय चुकले ते सांगता येते. या लेखकांनी जुन्या कथामालांतील मणी घेतले, परंतु चौकट टाकून दिली. वेताळ गेला, पुतळ्या गेल्या, शहराजाद गेली. एकच नायक आणि त्याचे अनेक प्रसंग उरले. चौकट जो भार वाहत होती तो आता नायकाच्या स्वभावाने वाहावयास हवा होता. पण तो नायक तर आरंभापासूनच परिपूर्ण! त्याच्यावर कोणताच प्रसंग आपली खूण ठेवीत नाही. वादळातून वर आला तरी तो तोच, बंदिवासातून सुटला तरी तो तोच. अद्भुत अधिक झाले म्हणून ही कादंबरी फसली नाही. अद्भुताचा कोणावर परिणाम झाला नाही म्हणून ती फसली.

४

आता सुरतेचे दुसरे साल. १८६६ मध्ये नंदशंकर तुळजाशंकर मेहता यांची 'करण घेलो' प्रसिद्ध झाली. गुजरातीतील पहिली कादंबरी म्हणून तिची गणना होते. नंदशंकर सुरतेचे रहिवासी आणि तेथील इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक. शिक्षणखात्यातील रसेल नावाच्या साहेबांनी सुचविले म्हणून इंग्रजी कादंबऱ्यांच्या धर्तीवर त्यांनी ही कथा लिहिली. रिसबुडांना जी अडचण होती तीच नंदशंकरांनाही होती, कारण नागर गृहस्थाच्या घरी काही मुंबई-पुण्याच्या घराहून निराळे वारे वाहत नव्हते. ते भूतकाळात गेले. त्यांच्याही पुस्तकात वर्णनांची लांबण आहे, भुताखेतांचे प्रसंग आहेत, आणि मूळ कथानक बाजूस ठेवून केलेले प्रवचनही आहे.

शेवटाविषयी म्हणाल तर तो मुखपृष्ठावरच सांगितलेला आहे; करण हा गुजरातचा अखेरचा रजपूत राजा, असे उपशीर्षकच आहे. राज्य बुडणार हे वाचकास पुस्तक उघडण्यापूर्वीच ठाऊक. तरीही ही कादंबरी दीडशे वर्षांवर टिकली. याचे कारण असे की, येथे घडणारी प्रत्येक आपत्ती एका कृत्यातून निघते. राजा आपल्या प्रधानाच्या, माधवाच्या, पत्नीचे हरण करतो. अपमानित माधव दिल्लीस अल्लाउद्दीन खिलजीकडे जातो. खिलजीचे सैन्य गुजरातवर येते. पुढचे सारे करणच्या एका क्षणाच्या उन्मादाचे व्याज आहे. माझा प्रश्न या कथेस विचारून पाहा. हरणाचा प्रसंग काढून टाका, आणि उरलेले पुस्तक कोसळते.

ठरलेला शेवट हा मग दोषच नव्हे काय? नव्हे. आमच्याकडील कीर्तनाच्या उत्तररंगात हरिश्चंद्राचे आख्यान लागले म्हणजे श्रोत्यांपैकी कोणास त्याचा शेवट ठाऊक नसतो? गुजरातेत माणभट्ट तांब्याच्या माणावर ताल धरून प्रेमानंदाचे 'नळाख्यान' गात, तेव्हा नळ-दमयंती पुन्हा भेटणार हे लहान मुलासही माहीत असे. तरी डोळे पाणावत. काय होणार हे कळल्याने रस आटत नाही. ते का होणार हे न कळल्याने आटतो. शेवट दोन प्रकारे ठरतो. एक शेवट लेखकाच्या सोयीने ठरतो, दुसरा पात्राच्या कृतीने. पहिल्याने वाचकास कंटाळा येतो, दुसऱ्याने भय वाटते.

५

मराठीत या कादंबऱ्यांवर पहिला पद्धतशीर घाव काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मधील नावल व नाटक यांविषयीच्या निबंधात घातला. कथा वास्तवाशी जुळती असावी, असा त्यांचा आग्रह होता. पुढे १९०२ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'कादंबरी' या निबंधात या प्रकाराचा व्यापक परामर्श घेतला, आणि कुसुमावती देशपांडे यांच्या 'मराठी कादंबरी : पहिले शतक' या १९५३-५४ मधील ग्रंथाने या सर्व पर्वास आपल्या वाङ्मयेतिहासात त्याचे यथायोग्य स्थान दिले. अद्भुतातून वास्तवाकडे, असा मराठी कादंबरीचा प्रवास आपण वर्गात शिकवितो तो याच विवेचनाच्या आधारे.

हा प्रवास खोटा नाही, पण तो वाटतो तितका सरळ नाही. 'मुक्तामाले'च्या चार वर्षे आधी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' निघालेली होती. तीत अद्भुत नाही. हिंदू विधवांची प्रत्यक्ष दुःस्थिती आहे. परंतु रचना पाहावी तर यमुना व तिचा पती प्रवासास निघतात आणि मुक्कामामुक्कामावर एकेक विधवेची कहाणी त्यांच्या कानांवर येते. हीही मण्यांची माळच. आणि लेखकाचा धर्मविषयक हेतू ध्यानात आला की शेवटही ध्यानात येतो. तेव्हा सुटे प्रसंग आणि ठरलेला शेवट ही काही अद्भुताची मक्तेदारी नव्हे; वास्तवालाही तो रोग जडतो.

रिसबुडांच्या प्रस्तावनेस खरे उत्तर मिळाले ते हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो!' या कादंबरीने. १८९० मध्ये 'करमणूक' पत्रातून ती आठवड्या-आठवड्याने येऊ लागली आणि १८९३ मध्ये ग्रंथरूप झाली. म्हणजे प्रसिद्धीच्या रीतीने पाहिले तर हीदेखील तुकड्यातुकड्यांची कथा. शेवटही झाकलेला नाही. त्या काळी ब्राह्मणाच्या घरी यमूसारख्या मुलीचे नशीब काय असावयाचे, हे प्रत्येक वाचकास शेजारच्या घरावरून माहीत होते. आपल्या आयुष्यात मन वेधणारे काही घडत नाही, असे रिसबूड म्हणाले होते. हरिभाऊंनी दाखविले की घडत होते, पण ज्या व्यक्तीवर ते घडत होते तिला बोलू दिलेले नव्हते. कथा यमूच्या तोंडी देताच सासरचे जेवणही प्रसंग झाला, नवऱ्याने शिकविलेले अक्षरही प्रसंग झाला, आणि केशवपन तर असा प्रसंग झाला की कोणत्याही राक्षसाच्या गुहेत त्याची बरोबरी सापडू नये. उणीव घटनांची नव्हती. ती घटना कोणाच्या डोळ्यांनी पाहावयाची, या निवडीची होती.

६

असे असूनही अद्भुत कादंबरी मेली नाही, आणि मरेल असे वाटत नाही. देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' १८८८ मध्ये हिंदीत आली, तेव्हा ती वाचण्यासाठी लोक नागरी लिपी शिकले असे सांगतात. तिच्यातील तिलिस्म ही कल्पना आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोधक आहे. तिलिस्म कोणी मोडावयाचा हे तो बांधतानाच ठरलेले असते. नेमलेल्या वीराखेरीज इतरांस तो मोडता येत नाही. म्हणजे शेवटाचे ठरलेपण हा लेखकाचा आळस न राहता त्या जगाचा नियमच होऊन बसतो. खत्रींचे चातुर्य असे की त्यांनी बहुतेक चमत्कारांमागे यंत्रे, कळी आणि औषधी ठेविल्या. त्यामुळे वीर जिंकणार का, हा प्रश्न सुटला तरी ही कळ फिरते कशी, हा उरतो. पुढे 'चंद्रकांता संतति'चे चोवीस भाग निघाले ते या दुसऱ्या प्रश्नाच्या बळावर.

मराठीत नारायण धारप (१९२५–२००८) यांनी 'समर्थ' या पुरुषाभोवती गुंफलेल्या कथांत हाच मार्ग दुसऱ्या रीतीने अवलंबिला. एखादे कुटुंब अमंगळ शक्तीच्या विळख्यात सापडते आणि अखेर समर्थांकडून तिचा बीमोड होतो. समर्थ हरणार नाहीत हे दुसऱ्या कथेपासूनच वाचकास कळून चुकते. तरी या कथा पिढ्यान् पिढ्या वाचल्या जातात, कारण त्यांतील भय शेवटात नसून आरंभात आहे. परिचयाच्या घरात, जिन्यावर, माजघरात काहीतरी बिघडले आहे याची पहिली जाणीव हा धारपांचा प्रांत. तेथे ते पक्के आहेत, आणि म्हणूनच त्यांच्या कथेतील उत्तरार्ध पुष्कळदा पूर्वार्धाइतका चढत नाही. शेवटाची हमी दिली की भीतीचे भांडवल आरंभीच खर्चावे लागते, हा या प्रकाराचा हिशेब आहे.

तिसरे उदाहरण आता बंद पडलेल्या 'चांदोबा' मासिकाचे. त्यातील विक्रम-वेताळ महिन्यामागून महिने, वर्षांमागून वर्षे चालू राहिले. मूळच्या पंचवीस गोष्टी केव्हाच संपल्या. नव्या रचल्या गेल्या. राजा दर महिन्यास बोले आणि वेताळ दर महिन्यास झाडावर परते. मूळ कथेत ज्या मौनासाठी सारी खटपट होती ते मौन येथे कधी येऊच शकत नव्हते, कारण ते आले असते तर मालिका संपली असती. चौकट होती तशीच राहिली, पण तिचा अर्थ मावळला. आमच्या शाळेत नववीच्या वर्गास जुनी पंचविशी आणि हे जुने अंक शेजारी ठेवून वाचावयास दिले होते. एका मुलाने विचारले, "राजाला गप्प बसायचं एवढंच सांगितलंय, आणि तेच त्याला दर वेळी जमत नाही, मग तो शहाणा कसा?" त्याला मी पंचविशीतील अखेरच्या कोड्याकडे वळविले. वाचून तो म्हणाला, "म्हणजे तिथे तो हरला म्हणून जिंकला." अखंड मालिका आणि समाप्त होणारी कथा यांतील भेद याहून थोडक्यात मला सांगता येणार नाही.

७

हा विषय विद्वानांच्या वादापुरता असता तर मी अकादमीच्या सभासदांचा वेळ घेतला नसता. सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत कापडधंद्याच्या आश्रयाने आलेली हजारो खानदेशी कुटुंबे राहतात. त्यांच्या मुलांच्या घरी अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती व हिंदी. घरात मराठी पुस्तक असेलच असे नाही. अशा मुलाने आपण होऊन उचललेले पहिले मराठी पुस्तक बहुधा भुताचे किंवा जादूचे असते. ते त्याच्या हातातून काढून घ्यावे आणि काही सकस द्यावे, ही शिक्षकाची सहजप्रवृत्ती. पण ते काढून घेतले की पुष्कळदा त्याच्या हाती दुसरे पुस्तक येत नाही. त्याच्या हातातून मराठीच जाते.

अशा पुस्तकांनी अंधश्रद्धा वाढते, अशी भीती काही सहकारी बोलून दाखवितात. ती पोकळ नाही. दुर्गाराम आणि दादोबा यांचे काम पुरे झाले असते तर महाराष्ट्रास २०१३ मध्ये आणि गुजरातेस २०२४ मध्ये जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला नसता. तथापि मांत्रिक आणि कादंबरीकार यांत एक भेद आहे. मांत्रिक आपला शेवट लपवितो आणि त्याची दक्षिणा घेतो. कथाकाराचा शेवट वाचकास आधीच ठाऊक असतो, आणि तो ठाऊक असूनच वाचक मुद्दाम आत शिरतो. हा शेवट कोणी ठरविला, असे विचारण्याची सवय ज्या मुलास गोष्टीत लागते, त्याला तोच प्रश्न मांत्रिकास विचारणे पुढे कठीण जाऊ नये. मानवधर्म सभेची मागणी तरी याहून निराळी कोठे होती?

म्हणून माझी सूचना अशी की अद्भुत कथा वर्गाबाहेर ठेवू नये. तिला वर्गात आणून तीन प्रश्न विचारावेत. हा प्रसंग काढला तर काय बिघडते? या प्रसंगानंतर कोण बदलले? आणि शेवट ठरला तो कोणाच्या कृतीने? हे तीन प्रश्न 'मंजुघोषे'स लागू आहेत, 'करण घेलो'स लागू आहेत, धारपांस लागू आहेत आणि हरिभाऊंसही लागू आहेत. एवढे जो विद्यार्थी शिकला त्याला कोणत्या कपाटातील पुस्तक घ्यावे हे आपण सांगण्याची गरज राहणार नाही. भुताच्या पुस्तकापासून यमूपर्यंतची वाट तो आपल्या पायांनी चालेल, आणि ती चालताना मराठी त्याच्याबरोबर राहील.